अबरू, अब्रू आणि भुवई : एका साध्या शब्दाचा अर्थ व रोजचा वापर

काही वर्षांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना एका वाक्यापाशी मी थांबलो. प्रश्न उर्दूतून मराठीत भाषांतर करण्याचा होता. मूळ वाक्य असे होते : 'बात सुनते ही अबरू पर बल पड़ गए.' एका विद्यार्थ्याने त्याचे मराठी केले होते : 'गोष्ट ऐकताच अब्रू पणाला लागली.' मी लाल शाईने वाक्य खोडले आणि शून्य गुण दिले. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी ते वाक्य मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. ज्याचे वाक्य होते तो मुलगा हसला नाही. तास संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मराठीच्या पुस्तकात अब्रू म्हणजे इज्जत असंच दिलंय. मी ते पाठ केलं होतं."

त्याचे म्हणणे खरे होते. मराठीत अब्रू म्हणजे इज्जतच. उर्दूत मात्र तोच उच्चार भुवईचा आहे, आणि इज्जतीसाठी तेथे 'आबरू' हा वेगळा शब्द आहे. दोन्ही भाषा शिकवणारा मी, पण ही गोष्ट वर्गात कधी सांगितलीच नव्हती. मुलाचे उत्तर चुकले होते हे निश्चित, पण ती चूक अज्ञानातून आली नव्हती. एका भाषेत नीट शिकलेला शब्द त्याने दुसऱ्या भाषेत प्रामाणिकपणे वापरला होता.

आपल्या संस्थांमधून शिकणारी बरीच मुले घरी उर्दू किंवा दख्खनी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू अशा तीन-तीन भाषा वापरतात. त्यांच्या अशा चुका कशा ओळखाव्यात आणि कशा तपासाव्यात, हा प्रश्न प्रत्येक भाषाशिक्षकापुढे आहे. प्रस्तुत लेखात 'भुवई' या एकाच शब्दाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

शब्दाचा अर्थ

डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेवर केसांची जी कमानदार रेघ असते तिला मराठीत भुवई म्हणतात. शब्द स्त्रीलिंगी असून अनेकवचन 'भुवया' असे होते. भिवई, भवई ही रूपेही बोलीत आढळतात. कपाळावरचा घाम सरळ डोळ्यात उतरू न देणे हे भुवईचे शारीरिक काम होय. तिचे दुसरे काम चेहऱ्यावरचा भाव दाखवणे हे आहे आणि भाषेच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे, कारण भुवईचे बहुतेक वाक्प्रचार या दुसऱ्या कामातून निघाले आहेत.

येथे पापणी आणि भुवई यांतील फरक स्पष्ट केला पाहिजे. मराठीत 'पापणी' हा शब्द डोळ्यावर मिटणाऱ्या कातडीसाठीही वापरतात आणि तिच्या कडेच्या केसांसाठीही. उर्दूतील 'पलक' या शब्दाचेही तसेच आहे. केवळ केसांसाठी उर्दू कवितेत 'मिज़गाँ' आणि केवळ कातडीसाठी बोलण्यात 'पपोटा' असे वेगळे शब्द आहेत. भुवई या सर्वांहून निराळी. तरीही 'अबरू' या शब्दापुढे 'पापणी' असा अर्थ लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. अशा वेळी व्याख्या सांगत बसण्यापेक्षा स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवणे अधिक सोपे जाते.

भ्रूपासून भुवईपर्यंत

संस्कृतात भुवईला 'भ्रू' म्हणतात. प्राकृतात या शब्दाची भुमया, भमया, भमुहा अशी लांबलेली रूपे झाली. त्यांतील 'म' पुढे सैल होऊन अनुनासिक 'व' झाला. हा बदल मराठी शिक्षकाला नवा नाही. ग्राम या शब्दाचे गांव आणि नाम या शब्दाचे नांव झाले ते याच वाटेने. त्याचप्रमाणे भुमया या रूपापासून भुंवई, भिंवई ही रूपे आली. हिंदीतील भौंह आणि उर्दूतील भौं, भवें हे शब्द त्याच घराण्यातले. गुजरातीतील 'भवां' हा शब्दही तसाच, आणि वडोदऱ्याच्या वाचकांना 'भवां चडाववां' हा प्रयोग ओळखीचा असेल.

जुन्या मराठी लेखनात भिंवई, भुंवई असा अनुस्वार देत असत. उच्चारात न राहिलेले असे अनुस्वार १९६२च्या लेखनविषयक नियमांनी गाळले. त्यामुळे आजचे विद्यार्थी 'भुवई' आणि 'भौंह' शेजारी ठेवून पाहतात तेव्हा हिंदीत अनुनासिक कोठून आला असे विचारतात. खरे तर हिंदीने तो राखला आणि मराठीने सोडला, एवढेच.

शुद्धलेखनाच्या दोन बाबी येथेच नोंदवतो. तत्सम शब्द 'भ्रू' दीर्घ, पण तद्भव 'भुवई' ऱ्हस्व लिहावा. 'भूवई' हे लेखन चूक आहे. दुसरे असे की भ्रू आणि भ्रूण हे शब्द दिसायला जवळचे असले तरी त्यांचा अर्थाने काही संबंध नाही. भ्रूण म्हणजे गर्भ. भ्रूमध्य म्हणजे दोन भुवयांमधली जागा. एका वर्णाच्या फरकाने अर्थ कोठल्या कोठे जातो, हे दाखवायला ही जोडी उपयोगी पडते.

दक्षिणेकडच्या भाषांत या शब्दाचे मूळच वेगळे आहे. कन्नडमध्ये भुवईला 'हुब्बु' आणि तेलुगूत 'कनुबोम्म' म्हणतात. बेळगावकडे मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी नांदतात, तरीही शरीराच्या अवयवांची नावे प्रत्येक भाषेने आपापली राखली आहेत. वाक्प्रचारांतील कल्पना मात्र कशा मिळत्याजुळत्या आहेत ते पुढे पाहू.

अबरू : एकाच घरची बहीण

आता फारसी आणि उर्दूतील 'अबरू' या शब्दाकडे वळू. वरवर पाहता भ्रू आणि अबरू यांचे काही नाते दिसत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घेतल्या की ते उघड होते.

पहिली गोष्ट अशी की संस्कृतात जेथे 'भ' आहे तेथे फारसीत पुष्कळदा 'ब' असतो. संस्कृत भ्राता, फारसी बिरादर. संस्कृत भार, फारसी बार. संस्कृत भूमी, फारसी बूम. या हिशेबाने भ्रू या शब्दाचा फारसी जोड 'ब्रू' असा व्हायला हवा.

दुसरी गोष्ट उच्चाराची. फारसीत शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजने एकत्र चालत नाहीत. म्हणून कधी मध्ये स्वर घालतात, कधी आधी लावतात. बिरादर या शब्दात 'इ' मध्ये आली आणि अबरू या शब्दात 'अ' आधी आला. हा नियम वर्गात समजावताना फारसीपर्यंत जाण्याची गरजही पडत नाही. आपल्या आजूबाजूची वडीलधारी माणसे स्टेशनला 'इस्टेशन' आणि स्कूलला 'इस्कूल' म्हणतातच. त्याच सोयीने 'ब्रू' या शब्दाचे 'अबरू' झाले.

याच कुळात आणखी एक शब्द आहे. इंग्रजीतील 'ब्रो', जो आज 'आयब्रो' या रूपाने आपल्या गल्लीबोळांतून ऐकू येतो, तोही भ्रू आणि अबरू यांच्याच मुळापासून आलेला आहे. मराठीतील भुवई, उर्दूतील अबरू आणि ब्यूटी पार्लरच्या पाटीवरची आयब्रो हे तीन शब्द दूरच्या प्रवासानंतर एका आरशासमोर भेटले आहेत. 'उर्दूचा शब्द परका आणि मराठीचा आपला' असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला हे नाते अवश्य सांगावे.

अब्रू : नात्यातली नव्हे, नावाची सारखी

इज्जतीचा शब्द मात्र या घरातला नाही. तो फारसीतील 'आबरू' होय, आणि त्याची फोड आब अधिक रू अशी होते. आब म्हणजे पाणी. संस्कृतात पाण्याला असलेला 'अप्' हा शब्द याचाच भाऊबंद. पंजाब या नावातील पाच नद्यांचे पाणी आणि गुलाब या शब्दातील पाणी हेच. रू म्हणजे चेहरा, जो 'रूबरू' म्हणजे समोरासमोर या शब्दात दोनदा येतो. तेव्हा आबरू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, चेहऱ्याचे तेज.

पाणी आणि मान यांचे हे नाते मराठीला नवीन नाही. मोती पाणीदार असतो, घोडा पाणीदार असतो, माणसाचे डोळे पाणीदार असतात. घाबरलेल्या माणसाच्या तोंडचे पाणी पळते. 'आब राखून वागावे' असे आपण म्हणतो तेव्हा हाच फारसी आब वापरत असतो. आबरू या शब्दामागची कल्पना अशी समजावली की ती मुलांच्या मनात पक्की बसते. पाठ करण्याची गरज राहत नाही.

मग मराठीत 'आबरू'ची 'अब्रू' का झाली? मराठीने फारसीतून घेतलेल्या काही शब्दांचा आरंभीचा 'आ' ऱ्हस्व केलेला दिसतो. फारसीतील आस्मान या शब्दाचे मराठीत अस्मान झाले, आणि त्यावरून 'अस्मानी-सुलतानी' हा आपला प्रसिद्ध शब्दप्रयोग आला. आजमाविण्याचे मराठीत 'अजमावणे' झाले. आबरू हा शब्द याच रांगेतला. मराठीत आबरू, आब्रू ही रूपेही लिहिली गेली आहेत, पण रूढ झाले ते 'अब्रू'.

उर्दू लिपीत हा फरक एका छोट्या खुणेचा आहे. भुवईचा अबरू साध्या अलिफने लिहितात. इज्जतीचा आबरू लिहिताना अलिफवर मद्द द्यावी लागते. ती मद्द मराठीत येताना वाटेत गळाली आणि इज्जतीच्या शब्दाला भुवईच्या शब्दाचे रूप मिळाले. मराठीचे यात काही बिघडले नाही, कारण मराठीजवळ भुवईसाठी स्वतःचा शब्द होता आणि फारसी अबरू तिने उचललाच नव्हता. घोटाळा होतो तो फक्त दोन्ही भाषा जाणणाऱ्याचा.

अब्रू हा शब्द मराठीत किती खोल रुजला आहे हे त्याच्या कुटुंबावरून कळते. अब्रूदार, बेअब्रू, अब्रू घेणे, अब्रू जाणे, अब्रूचे धिंडवडे निघणे, अब्रूची लक्तरे वेशीवर टांगणे. व्यापारी माणूस 'बाजारात आमची अब्रू आहे' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ पत असा असतो. घरातली मोठी माणसे तोच शब्द घराण्याच्या नावासाठी वापरतात. कायद्याच्या व्यवहारात 'अब्रूनुकसानी' हा शब्द स्थिरावला आहे. भारतीय दंड संहिता, १८६० या कायद्यात हा गुन्हा कलम ४९९ व ५०० खाली होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३५६ मध्ये आहे. गंमत अशी की याच अर्थाने उर्दूत 'हतक-ए-इज़्ज़त' आणि हिंदीत 'मानहानि' म्हणतात. फारसीतून आलेला अब्रू शब्द कायद्याच्या भाषेत जपला तो मराठीने.

आबरू या शब्दाची आठवण ग्वाल्हेरच्या वाचकांना आणखी एका कारणाने व्हावी. अठराव्या शतकातील दिल्लीचे उर्दू कवी शाह मुबारक यांचे टोपणनाव 'आबरू' होते आणि त्यांचा जन्म ग्वाल्हेरचा. १७३३मध्ये त्यांचे निधन झाले. ते 'ईहाम' या शैलीतील प्रमुख कवींपैकी एक होते. एका शब्दाचे दोन अर्थ असावेत, ऐकणाऱ्याचे मन जवळच्या अर्थाकडे जावे आणि कवीला अभिप्रेत असावा दूरचा, अशी ही रचना असते. माझ्या विद्यार्थ्याच्या हातून नकळत घडले ते काहीसे असेच. त्याच्या मनाने जवळचा अर्थ उचलला आणि वाक्याला हवा होता दूरचा. कवीने जाणून केले तर त्याला आपण अलंकार म्हणतो. विद्यार्थ्याकडून अजाणता झाले तेव्हा मी हसे केले.

रोजच्या बोलण्यातील भुवई

आता वापराकडे येऊ. राग, नापसंती, आश्चर्य, इशारा हे सारे भुवयांनी दाखवता येते आणि त्यामुळे प्रत्येक भाषेत भुवयांचे वाक्प्रचार असतात. परंतु ते एकास एक जुळत नाहीत.

उर्दूत राग दाखवायला अबरू पर बल आना, भवें चढ़ाना, भवें तानना, त्योरी चढ़ाना असे प्रयोग आहेत. 'चीं-ब-अबरू होना' आणि 'चीं-ब-जबीं होना' हे ग्रांथिक प्रयोग. पहिल्यात सुरकुती भुवईवर पडते आणि दुसऱ्यात कपाळावर. येथे 'बल' म्हणजे ताकद नव्हे तर पीळ, मुरड. हाही मराठी विद्यार्थ्याला चकवणारा शब्द आहे, कारण त्याच्या कानात 'बळ' असते.

कन्नडमध्ये रागावलेला माणूस भुवयांना गाठ घालतो. 'हुब्बु गंटिक्कु' या प्रयोगाचा शब्दशः अर्थ तोच. हिंदीत भौंहें तनतात, म्हणजे धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जातात.

मराठीत भुवई चढवणे, भृकुटी चढवणे हे प्रयोग आहेत. पण रोजच्या बोलण्यात मराठी माणूस रागाची जागा बहुधा भुवईवरून थोडी वर सरकवतो आणि 'कपाळाला आठ्या पडल्या' असे म्हणतो. तुच्छता दाखवायची तर तो नाक मुरडतो आणि दरडावायचे तर डोळे वटारतो. म्हणून आरंभी दिलेल्या उर्दू वाक्याचे चांगले मराठी 'गोष्ट ऐकताच भुवईवर पीळ पडला' असे होणार नाही. ते 'गोष्ट ऐकताच कपाळाला आठ्या पडल्या' असेच होईल. म्हणजे 'अबरू' या शब्दाच्या योग्य भाषांतरात भुवई हा शब्द येतच नाही. शब्दकोशातील अर्थ बरोबर लिहिणारा विद्यार्थीही येथे अर्धवटच पोहोचतो. माझ्या आदर्श उत्तरात मी तेव्हा 'भुवईवर वळ पडले' असे लिहिले होते, हे मला येथे कबूल केले पाहिजे. मुलाचे उत्तर अर्थाने चुकले होते, माझे मराठीने.

'भुवया उंचावणे' हा प्रयोग वर्तमानपत्री मराठीत आता सर्रास दिसतो. 'या निर्णयाने अनेकांच्या भुवया उंचावल्या' असे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी वाचायला मिळते. यात आश्चर्य आणि सौम्य नापसंती दोन्ही आहेत. हा प्रयोग इंग्रजी बातम्यांच्या सावलीत वाढलेला दिसतो. जुन्या पद्धतीचे मराठी बोलणारा अशा प्रसंगी 'लोकांनी तोंडात बोटे घातली' म्हणेल किंवा 'लोक कुजबुजू लागले' म्हणेल. नवा प्रयोग चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो रुळला आहे. मात्र उर्दूतील 'भवें चढ़ाना' आणि मराठीतील 'भुवया उंचावणे' हे शब्दशः एकच दिसत असले तरी पहिल्यात राग आहे आणि दुसऱ्यात आश्चर्य, हा भेद विद्यार्थ्याला सांगितलाच पाहिजे.

संस्कृत परंपरेने तर भुवयांच्या हालचालींचे शास्त्रच केले. भरताच्या नाट्यशास्त्रात भुवयांची सात कर्मे सांगितली आहेत : उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. उत्क्षेपात भुवया वर जातात, पातनात खाली येतात, रेचितात एकच भुवई डौलाने उचलली जाते आणि सहज म्हणजे भुवईची नेहमीची स्थिती. भ्रुकुटी हा शब्द मराठीत 'भृकुटी' या रूपाने आला आणि रागाच्या अर्थाने स्थिर झाला. भ्रूभंग, भ्रूविलास, भ्रूलता हे शब्द जुन्या काव्यात भेटतात. ते अभ्यासक्रमात आले तर पोटातला 'भ्रू' वेगळा काढून दाखवावा. बाकीचा अर्थ मुले स्वतः लावतात.

कमान आणि महिरप

काव्यातील भुवईच्या उपमा पाहिल्या तर दोन परंपरांचे साम्य नजरेत भरते. संस्कृत कवी भुवईला मदनाचे धनुष्य म्हणतो. फारसी-उर्दू कवी तिला कमान म्हणतो आणि पापण्यांना बाण. चंद्रकोर, तलवार आणि मिहराब या उर्दू कवितेतील आणखी ओळखीच्या उपमा.

येथे पुन्हा एक चकवा आहे. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. मराठीत कमान म्हणजे दाराची किंवा पुलाची गोलाई. मराठी माणूस 'कमानदार भुवया' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वेशीची कमान असते. उर्दूतील 'कमान-ए-अबरू' वाचणाऱ्याने मात्र धनुष्य पाहायचे असते, नाहीतर पुढे येणारा बाण त्याला कळणार नाही.

मिहराब म्हणजे मशिदीतील किब्ल्याच्या भिंतीतला कमानदार कोनाडा. हाच शब्द मराठीत 'महिरप' झाला आणि दारे, मखरे, देव्हारे यांच्या नक्षीदार कमानीसाठी वापरला जाऊ लागला. तेथून तो गणिताच्या पुस्तकात गेला. संच लिहिताना मुले ज्या कंसांचा उपयोग करतात त्यांना आपण महिरपी कंस म्हणतो. त्या कंसाचे चिन्ह आडवे करून पाहिले तर ते खरोखरच जोडलेल्या दोन भुवयांसारखे दिसते. मिहराब-ए-अबरू ही उपमा शिकवताना मी आता फळ्यावर प्रथम महिरपी कंस आडवा काढतो. विज्ञान शाखेकडून आलेल्या मुलांनाही कविता तेथून सुरू करता येते.

पार्लरमधील आयब्रो

शब्दांचा वापर आपल्या डोळ्यांदेखत कसा बदलतो याचे उदाहरण हवे असेल तर 'आयब्रो' हा शब्द घ्यावा. आमच्या महाविद्यालयातील मुली 'आयब्रो करून आले' असे म्हणतात. त्याचा अर्थ दोऱ्याने भुवयांना आकार देऊन घेतला असा होतो. 'भुवया करून आले' असे कोणीही म्हणत नाही. लिहिताना 'भुवया कोरणे' असा प्रयोग आढळतो, पण बोलताना क्रियेचे नाव आयब्रो हेच झाले आहे. त्याच मुलीला भुवईवर फोड आली तर मात्र ती 'भुवई दुखते' असे सांगते.

म्हणजे इंग्रजी शब्दाने मराठी शब्दाला घालवून दिले असे झालेले नाही. दोघांनी कामे वाटून घेतली. शरीराचा अवयव तो भुवई आणि पैसे देऊन करून घेण्याचे काम ते आयब्रो. एकेकाळी फारसी शब्दांनीही मराठीत अशीच जागा धरली. मान आणि प्रतिष्ठा हे शब्द असताना अब्रू आली आणि तिने स्वतःचा अर्थ सांभाळला. मान मिळतो, प्रतिष्ठा वाढते, पण जाते ती अब्रू. विद्यार्थ्यांना भाषांचा इतिहास रुक्ष वाटत असेल तर तो या पाटीपासून सुरू करावा.

वर्गासाठी काही सूचना

वरील विवेचनातून अध्यापनाच्या दृष्टीने काही गोष्टी सुचतात.

पहिली, सारख्या दिसणाऱ्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांची एक यादी प्रत्येक वर्गाने वर्षभर मिळून करावी. अबरू-अब्रू, बल-बळ, कमान-कमान ही सुरुवात झाली. घरी दुसरी भाषा बोलणारा विद्यार्थीच अशा याद्यांत अधिक भर घालतो. एरवी मागच्या बाकावर बसणारा मुलगा त्या दिवशी पुढे येतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरी, उत्तरपत्रिका तपासताना चुकीच्या शेजारी तिचे कारण लिहावे. नुसते खोडणे आणि 'हा मराठी अर्थ आहे, उर्दू अर्थ पाहा' असे चार शब्द लिहिणे, यांत तपासणाऱ्याची अर्धी मिनिटे जातात. उलट बाजूही लक्षात घ्यावी. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने मराठी निबंधात 'आबरू' लिहिले तर त्याला ढोबळ अशुद्धलेखन समजू नये. तो मूळ रूप लिहीत असतो. रूढ लेखन 'अब्रू' आहे एवढे त्याला सांगावे.

तिसरी, भाषांतराच्या प्रश्नात शब्दार्थ आणि वाक्प्रचार यांना वेगळे गुण ठेवावेत. ज्याला अबरू म्हणजे भुवई हे माहीत आहे त्याला काही गुण मिळावेत आणि जो 'कपाळाला आठ्या' पर्यंत पोहोचला त्याला पूर्ण.

चौथी सूचना शिक्षकाच्या स्वतःच्या भुवईविषयी आहे. वर्गात आपण शब्दाने जितके बोलतो तितकेच चेहऱ्याने बोलत असतो. प्रश्न विचारण्यासाठी उभा राहिलेला विद्यार्थी आपल्या कपाळावरची आठी पाहून खाली बसतो. आपल्याला ते कळतही नाही. उर्दूतील अबरू चढली की मराठीतील अब्रू उतरते, हे त्या मुलाच्या बाबतीत माझ्याच हातून घडले.

त्या विद्यार्थ्याचे शून्य मी नंतर बदलले नाही, कारण उत्तर चूकच होते. पण पुढच्या तासाला त्याच वर्गात अबरू आणि आबरू हे दोन्ही शब्द उर्दू लिपीत फळ्यावर लिहिले, मद्द कोठे पडते ते दाखवले आणि ही गोष्ट मी आधी सांगायला हवी होती असे वर्गासमोर म्हटले. त्या मुलाने मान वर करून फळ्याकडे पाहिले आणि वही उघडली. त्या वर्षीपासून दोन्ही भाषांच्या पहिल्या तासाला मी हे दोन शब्द शिकवतो. ज्या महाविद्यालयांत उर्दू आणि मराठी शेजारच्या खोल्यांत शिकवल्या जातात, तेथील अध्यापकांनी असे शब्द एकमेकांना सांगितले तर पुष्कळ लाल शाई वाचेल.